न लागलेला रोल

फोटोग्राफरच्या धंद्यात डोळे आणि हात सकाळपासून कामाला जुंपलेले असतात, कान मात्र बसून असतात. गिऱ्हाईक आलं, "पासपोर्टचे आठ काढा, अर्जंट" म्हणालं, की कानांचं काम संपलं. मुरबाडच्या बाजारपेठेत माझा स्टुडिओ आहे. बत्तीस वर्षं तो मी चालवते. त्यातली पंचवीसेक वर्षं माझ्या कानांनी फक्त शेजारची पिठाची गिरणी ऐकली.

लोकांना वाटतं, फोटो काढणं म्हणजे बटण दाबणं. बटण दाबायचं काम महिन्यातून चार-पाच दिवसांचं. उरलेले दिवस मी कॉम्प्युटरसमोर बसून असते. एका लग्नाचे अडीच-तीन हजार फोटो निघतात, त्यातले दोनशे निवडायचे. नवरीच्या गालावरची पुटकुळी काढायची. मागे उभ्या असलेल्या मामांच्या हातातली आइस्क्रीमची वाटी पुसायची. कोणाचे डोळे मिटलेले असतील तर शेजारच्या फोटोतले उघडे डोळे आणून लावायचे. एकदा धसईकडचे एक गृहस्थ वडिलांचा एकुलता एक फोटो घेऊन आले. वडील सत्यनारायणाला मागच्या रांगेत, अर्धे खांबाआड. "एवढा खांब सरकवा नि आण्णांना पुढं घ्या," म्हणाले. खांब सरकवला. आण्णांचा दुसरा कान मात्र त्यांच्या धाकट्या भावाचा लावावा लागला. घरात कोणाच्याही लक्षात आलं नाही. त्या कानाला अजून हार पडतो.

अशा कामात जेवणानंतर डुलकी लागते. ती घालवायला मी फोनवर फोटोग्राफीचे व्हिडिओ लावायचे. पण आमच्याकडचं नेट असं की चित्र अडकायचं आणि आवाज पुढे चालायचा. एक दिवस लक्षात आलं, चित्र अडकल्याने आपलं काहीच अडत नाहीये. मग मी नुसते आवाजाचेच कार्यक्रम शोधायला लागले. त्यांना पॉडकास्ट म्हणतात हे नंतर कळलं. रेडिओसारखंच असतं, फक्त वेळ आपली.

त्यात मला 'उजेड-बिजेड' सापडला. नाशिकचा ओंकार नावाचा एक मुलगा तो चालवतो. मुलगा म्हणते, पण चाळिशीचा असेल. द्राक्षांच्या पेट्या आणि मसाल्यांची पाकिटं यांचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. दर आठवड्याला तो कुठल्या तरी फोटोग्राफरशी तासभर गप्पा मारतो. मी लावलेल्या पहिल्याच भागात एक लग्नाचे फोटो काढणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "तीस वर्षं झाली, अजून प्रत्येक लग्नात पहिली दहा मिनिटं माझे हात कापतात."

मी माउस सोडून दिला. माझेही कापतात. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी आमच्यातली वागणूक माहीत हवी. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले आम्ही फोटोग्राफर एकमेकांना चांगले ओळखतो, पण ती ओळख एकाच फांदीवरच्या कावळ्यांसारखी. लग्नात मुलाकडचा एक आणि मुलीकडचा एक असे दोघे आलो, की मंगलाष्टकांना जागेसाठी कोपरं चालतात. कोणी लेन्स कुठली विचारली की त्यावर रुमाल येतो. चुकलेली गोष्ट तर कोणी कोणाला सांगत नाही, कारण ती पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्या कानावर जाते. त्यात मी बाई. "त्या बाईंना बसायला खुर्ची द्या रे," असं मला अतिशय आदराने कडेला केलेलं आहे. आणि इथे एक अनोळखी माणूस आपले हात कापतात हे हजार लोकांना बिनधास्त सांगत होता.

मग मला नादच लागला. भाजी निवडताना पॉडकास्ट, अल्बम लावताना पॉडकास्ट. एका भागात कोणीतरी म्हणालं, की कुठेही पोचल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही, नुसतं बघायचं. त्या वर्षी जवळच्या म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत मी ते करून पाहिलं. दरवर्षी मी तिथे जाते आणि शिंगं रंगवलेल्या बैलांचे फोटो काढून येते. सगळेच काढतात, ते सगळ्यांचे सारखे येतात. या वेळी मी कॅमेरा काखेत ठेवून बैलबाजारात उभी राहिले. अर्धा तास फार मोठा असतो हो. दोन ओळखीच्यांनी विचारलं, "ताई, कॅमेरा बिघडला का?" तेवढ्यात दिसलं, की ज्याचा बैल नुकताच विकला गेलाय तो माणूस बैलाकडे बघत नाही. तो हातातल्या दोरीकडे बघतो. बैल नवीन मालकाच्या दोरीने जातो, जुनी दोरी याच्याच हातात उरते, आणि तिचं काय करायचं हे त्याला कळत नाही. कोणी गळ्यात टाकतो, कोणी नीट गुंडाळतो, एक जण तर ती तिथल्याच खुंट्याला बांधून निघून गेला. त्या दिवशी मी सात फोटो काढले. एकातही बैल नाही.

ते मी ओंकारच्या श्रोत्यांच्या ग्रुपवर टाकले. होय, त्याचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पन्नास-साठ फोटोग्राफर, बहुतेक तालुक्याच्या गावांतले. ग्रुपचा नियम असा, की नुसता अंगठा दाखवायचा नाही. फोटोबद्दल बोलायचं, आणि तेही आवाजात. चिपळूणचे बर्वेकाका म्हणून एक आहेत, सत्तरी ओलांडलेले, स्टुडिओ मुलाच्या हवाली केलेले. त्यांनी माझ्या फोटोंवर चार मिनिटं बोलून घेतलं. शेवटी म्हणाले, "पाचवा फोटो फेका. त्यात तुम्हाला त्याची दया आलेली दिसते." मी पाचवा फोटो परत पाहिला. खरं होतं. इतक्या वर्षांत माझ्या फोटोबद्दल "छान" आणि "गोरं करा" याच्या पलीकडे कोणी काही बोललेलं नव्हतं. मी खुर्चीत बसल्या बसल्या लाजले.

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना ओंकारने एक विषय दिला: न आलेला फोटो. प्रत्येकाने आपला हुकलेला एक फोटो सांगायचा, पाच मिनिटांत.

माझ्याकडे एकच होता.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रोलचा जमाना. डोळखांबच्या पुढे एका गावात लग्न होतं. मुलीच्या वडिलांनी एकच रोल ठरवला होता, छत्तीस फोटो. नवऱ्याकडच्यांनी फोटोग्राफर आणलाच नव्हता. ऐन हळदीच्या गडबडीत एक वासरू मंडपात घुसलं आणि नवरीच्या डोक्याला बांधलेली फुलं खायला लागलं. लोक धावले. नवरी मात्र मान न हलवता हसत राहिली, वासराचं खाणं होईपर्यंत. तो फोटो मी घेतला. बटण दाबतानाच कळलं, की असा फोटो आपल्या हातून परत होणार नाही.

नव्या लोकांसाठी सांगते. तेव्हाच्या कॅमेऱ्यात रोलचं टोक एका चक्राच्या खाचेत अडकवावं लागायचं, मग झाकण लावायचं. टोक नीट अडकलं नाही तर रोल पुढे घ्यायचा खटका ओढला जातो, बटण दाबलं जातं, फोटोंचा आकडाही पुढे सरकतो, सगळं अगदी व्यवस्थित होतं. फक्त रोल जागचा हलत नाही. त्या सकाळी मी ते टोक घाईत लावलं होतं. वऱ्हाड टेंपोत चढत असताना मी रोल गुंडाळायला घेतला. भरलेला रोल गुंडाळताना बोटाला ओढ लागते. मला पहिल्याच फेऱ्याला काही लागली नाही. हाताला सगळं समजलं. मी तशीच उभी राहिले, आणि टेंपो गेला.

चार दिवसांनी मुलीच्या वडिलांना निरोप दिला, की कल्याणच्या लॅबमध्ये रोल जळला. लॅबवाल्याने बिचाऱ्याने तो रोल पाहिलाही नव्हता. मी त्या लग्नाचं काही घेतलं नाही, आणि तेवढ्यावर मी स्वतःला फार प्रामाणिक वाटले.

हे सगळं मी फोनमध्ये बोलले. जुन्या डार्करूममध्ये, जिथे आता पडदे आणि प्लास्टिकची फुलं ठेवते, तिथे दार लावून, कारण गिरणी. ओंकारने ते भागात सगळ्यात शेवटी लावलं. ग्रुपवर कौतुकाचा पाऊस. किती धाडस, किती खरेपणा. फक्त बर्वेकाकांनी दोन वाक्यं पाठवली. "ताई, आम्हाला सांगितलंत ते बरं केलंत. तिला कधी सांगितलंत?"

मी ते ऐकलं आणि फोन उलटा ठेवून अल्बम लावायला घेतला.

इकडे गावात वेगळंच सुरू झालं. आपल्या मुरबाडची बाई मोबाईलवर कुठल्या कार्यक्रमात आली, म्हणून लोकांनी तो तुकडा पुढे पाठवायला सुरुवात केली. शाळेच्या ग्रुपवर, बचतगटांच्या ग्रुपवर. मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू. भाजीवालीने सुद्धा विचारलं, "ताई, वासराचं पुढं काय झालं?"

तीनेक आठवड्यांनी, दुपारी, एक बाई स्टुडिओत आली. पंचेचाळिशीची असेल. पासपोर्टवाली असेल म्हणून मी स्टुलाकडे बोट दाखवलं. ती उभीच राहिली.

"मोबाईलवर बोलल्या त्या तुमीच का?"

"हो, मीच," मी म्हणाले. कौतुक ऐकायच्या तयारीने हसलेही.

"ते वासरू आमचं व्हतं. मी सुगंधा. डोळखांबची माहेरवाशीण, दिली तानशाकडं."

मीच स्टुलावर बसले.

"रोल लॅबमदी जळला नाय ना?" तिने विचारलं.

"नाय. माझ्याच हातून लागला नव्हता."

"मंग तवाच का नाय सांगितलं?"

"घाबरले."

ती भिंतीवरच्या फोटोंकडे बघत बोलायला लागली. चढ्या आवाजात नव्हे, शेतातली गोष्ट सांगावी तसं. लग्नाचे फोटो जळले हा निरोप सासरी पोचला आणि महिन्याभरात त्यांचा बैल मेला. सासू बोलली, हिच्या पायगुणाचं हाय, हिचा फोटोसुद्दा उमटला नाय. कोणीतरी एकदा बोललेलं घरात राहून गेलं. दिराच्या लग्नात फोटोला सगळे उभे राहिले तेव्हा सासूने तिला मंडपाच्या खांबाशी उभं केलं, फोटो खराब व्हायला नको. पुढच्या वेळी कोणाला सांगावं लागलं नाही. नणंदेचं लग्न, घरभरणी, मुलीचं बारसं. कॅमेरा दिसला की सुगंधा आपणहून चुलीकडे जायची.

"माझ्या पोरीला वाटं, आईला फोटो आवडत नाय," ती म्हणाली. "माझा एक आधार कार्डावर हाय तेवढा."

माझ्या धंद्याला जे येतं तेच मी बोलले. "बसा. आत्ता काढते. हवे तेवढे काढते."

"मला फोटो नको," सुगंधा म्हणाली. "तुमी घरी या. जे मोबाईलवर सगळ्यांना सांगितलं ते आमच्या म्हातारीला सांगा."

ती गेल्यावर मी ग्रुपवर सगळं सांगितलं. या वेळी कोणी कौतुक केलं नाही. एक जण म्हणाला, पत्र लिहा. एकीने विचारलं, बरोबर येऊ का, आणि ती बिचारी लातूरची. ओंकारने फोन केला. "जाल ना?" म्हणाला. "हो" म्हटलं, पण आवाजात दम नव्हता. मग बर्वेकाकांचा फोन. ते म्हणाले, "तोंडाने सांगितलंत तर म्हातारीला ती सुनेने शिकवलेली गोष्ट वाटेल. तुमचा तो जुना कॅमेरा आहे का? उघडून दाखवा. तिच्या हातात द्या."

कॅमेरा होता. रोल मिळेना. आमच्या ग्रुपमधल्या एकानेही ठेवलेला नव्हता. शेवटी शहापूरच्या ज्या फोटोग्राफरशी माझं दहा वर्षं लग्नात उभं राहायच्या जागेवरून वाकडं होतं, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मुदत संपलेला हाय एक. चालंल का?" आणि पुढे म्हणाला, "तो कार्यक्रम मीबी ऐकतो. तुमचा भाग ऐकला." स्टँडवर येऊन त्याने रोल हातात दिला. कशाला हवा ते विचारलं नाही.

रविवारी मी तानशाकडे गेले. सुगंधाचं घर रस्त्यापासून आत, पुढे वालाचा मांडव. ओटीवर तिचा नवरा काशिनाथ बसलेला, आणि भिंतीला टेकून सासू. ऐंशीच्या पुढची, बारीक, डोळ्यांना जाड चष्मा. सुगंधाने मला पाणी दिलं आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली.

मी सांगितलं. पॉडकास्टवर पाच मिनिटं लागली होती, इथे दोनच लागली. काही सजवायला जागाच नव्हती.

म्हातारी म्हणाली, "हिनं बोलावलं तुला?"

"हो. पण चूक माझी आहे, आजी. हे बघा." मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. रोल ठेवला, टोक मुद्दाम खाचेबाहेर ठेवलं, आणि खटका ओढून बटण दाबलं. आवाज झाला. "आवाज आला ना? आता रोल हलला का, बोट लावून बघा."

तिने बोट लावलं. मी परत खटका ओढला. परत एकदा. तिने बोट तसंच ठेवलं होतं. मग मी टोक खाचेत अडकवलं आणि ओढला. रोल तिच्या बोटाखालून सरकला तशी तिने बोट झटकन काढलं, मुंगी चावल्यासारखं.

"म्हंजे तवा यो सरकलाच नाय."

"नाय सरकला. नवरीचाच काय, कोणाचाच नाय उमटला. तुमच्या मुलाचाबी नाय, तुमचाबी नाय."

हे तिला नवीन होतं. ती काशिनाथकडे बघायला लागली. मग मला विचारलं, "मंग बैल कशानं मेला?"

मी म्हणाले, "आजी, ते मला नाय माहीत. मी फोटोग्राफर आहे."

"पान लागलं व्हतं त्याला, आये," काशिनाथ म्हणाला. आमच्याकडे साप चावला असं कोणी म्हणत नाही. "पायाला दात व्हते. ढोरांचा डॉक्टर तवाच बोलला व्हता."

"मंग तू का नाय बोललास?"

काशिनाथ वालाच्या मांडवाकडे बघत राहिला. चौकटीतून सुगंधाही त्याच्याकडे बघत होती. त्या ओटीवर आता मी एकटीच गुन्हेगार नव्हते, आणि मला कबूल केलं पाहिजे, की त्याने थोडं बरं वाटलं.

म्हातारीने चष्मा काढून पदराला पुसला. "तुझं तू बोललीस," ती मला म्हणाली. "आमचं आमी बघू." मग आत न बघता म्हणाली, "सुगंधा, चाय ठेव."

रस्त्यापर्यंत सुगंधा सोडायला आली. मी विचारलं, "अजून काय करू मी?"

"काय नाय," ती म्हणाली. "जेवून जायला पायजे व्हतं. वालाचं बिरडं केलं व्हतं."

ओंकारला तिच्याशी बोलायचं होतं, एक पूर्ण भाग करायचा होता. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "घरात ऐकलं पायजे व्हतं, त्यांनी ऐकलं. बाकीच्यांशी मला काय बोलायचंय?" मी ते ओंकारला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे." तो भाग त्याने केला नाही. ग्रुपवर मी एवढंच सांगितलं, की गेले आणि सांगून आले. बर्वेकाकांनी नियम मोडून पहिल्यांदा नुसता अंगठा पाठवला.

शहापूरच्या त्या फोटोग्राफरशी मात्र बोलणं सुरू झालं आहे. आता लग्नात भेटलो की तो आपणहून अर्धी जागा देतो. अर्धीच.

भात कापून झाल्यावर एक दिवस सुगंधा स्टुडिओत आली. बरोबर म्हातारी. बँकेला म्हातारीचा नवा फोटो हवा होता. तो काढला. चष्म्यावर उजेड येत होता, दोनदा काढावा लागला. झाल्यावर म्हातारी स्टुलावरून उठेना.

"आता दोघींचा काढ," ती म्हणाली.

सुगंधा पडद्याजवळ पिशव्या धरून उभी होती. ती माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. मग तिने पिशव्या खाली ठेवल्या, पदर सारखा केला, आणि मी दिलेलं दुसरं स्टूल स्वतःच सरकवून बसली. सासूपासून वीतभर अंतरावर. दोघी ताठ, हात मांडीवर, नजर समोर.

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. बत्तीस वर्षांची सवय, अशा वेळी तोंडातून आपोआप निघतं: जवळ या, जरा हसा, खांद्यावर हात ठेवा. मी ते गिळलं. होतं तेवढं अंतर राहू दिलं आणि बटण दाबलं.

सुगंधाने उठून कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला, आधी सासूला, मग स्वतःला, मग मधल्या जागेला.

"बरोबर आलाय," ती म्हणाली. "दोन कॉप्या द्या."